देवाचं रान कोण राखणार?

शहापूर आणि मुरबाडच्या गावापाड्यांतल्या माझ्या सगळ्या ताया, वहिन्या, मावश्या आणि आज्या, कामं उरकून रेडिओजवळ बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल. चालेल. हात चालू ठेवा, कान इकडे द्या.

एरवी मी तुमच्याशी बचतीबद्दल, हप्त्यांबद्दल, बँकेच्या कागदांबद्दल बोलते. आजचा विषय वेगळा आहे. आज देवाच्या रानाबद्दल बोलायचं आहे.

तुमच्या गावात अशी एखादी जागा आहे का, जिथं कोणी कोयता चालवत नाही? बऱ्याच जणी म्हणतील, आहे की. कुठं गावदेवीची राई असेल, कुठं वाघोबाचं ठाणं असेल, कुठं शिवेवरच्या चेड्याची जागा असेल. शेंदूर लावलेला एक दगड, नाहीतर लाकडावर कोरलेला वाघ, सूर्य आणि चंद्र. वर आंबा, जांभूळ, उंबर, बेहडा. खाली पालापाचोळ्याची मऊ गादी. चप्पल बाहेर काढून आत जायचं. ओली फांदी तोडायची नाही. काही गावांत तर वाळली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. नेली तर देव कोपतो, असं आपल्या आजीनं आपल्याला सांगितलं आणि तिला तिच्या आजीनं.

ही जागा कोणाच्या मालकीची? ना पाटलाची, ना सावकाराची. देवाची. आणि देवाची म्हणजे सगळ्या गावाची. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्या कातकरी बाईचीही ती तेवढीच. तिथल्या झऱ्याचं पाणी भरायला तिला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे सार्वजनिक जमीन हा शब्द सरकारी कागदातून आला. पण सगळ्यांची जागा सगळ्यांनी राखायची, ही रीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि ती देवाच्या नावानं आहे.

नीट बघा, आपल्या देवधर्मात पूजेपेक्षा नियम जास्त आहेत. पावसाळ्यात पहिली कवळी रानात उगवते. तोंडाला पाणी सुटतं, पण लगेच खुडून खायची नाही. आधी देवाला दाखवायची, मग घरात शिजवायची. तेवढ्या दिवसांत भाजीला वाढायला वेळ मिळतो. नवं भात आलं की आधी नवं देवाला. अश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते, तीच आपल्या आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरांना राख म्हणून मागणं मागतात. वाघाला मारून टाक, असं मागणं कोणी मागत नाही. तू तुझ्या रानात राहा, आम्ही आमच्या गावात राहतो, असा तो करार आहे. बिबट्याचा अभ्यास करणाऱ्यांनी मुंबई उपनगर, पालघर आणि ठाणे जिल्ह्यांत फिरून वाघोबाची 150 ठाणी नोंदवली. त्यांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. वारली माणसं आणि बिबट्या इतकी वर्षं एकाच रानात कशी राहिली, याचं एक उत्तर त्यांना या श्रद्धेत सापडलं.

आता कोणी म्हणेल, ताई, तुम्ही शिकलेल्या, या अंधश्रद्धा कशाला सांगता? देव कोपतो की नाही, हा वाद मी घालत नाही. पण राई तोडल्यावर काय होतं, ते आपल्याला हांडा डोक्यावर घेतल्यावर कळतं. पाचोळ्याची गादी पावसाचं पाणी धरून ठेवते, मुळं ते जमिनीत उतरवतात आणि ते पाणी हळूहळू खालच्या झऱ्याला, डवऱ्याला येतं. झाडं गेली की पाऊस पडतो तसा ओढ्यानं वाहून जातो आणि मार्च लागला की झरा कोरडा.

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचं गाव आहे. तिथली देवराई वनखात्यानं तोडायला काढली होती. गावकऱ्यांनी वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांना पत्र लिहिलं की आमची राई वाचवा. वर्तक आणि माधव गाडगीळ तेव्हा सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करत होते. ते गावी गेले. त्या खोऱ्यात धड उरलेलं रान तेवढंच होतं. गावकरी त्यांना म्हणाले, ही राई आहे म्हणून आमच्या ओढ्याला पाणी आहे. म्हणजे श्रद्धा होतीच, पण तिच्यात हिशोबही होता. ही गोष्ट पन्नासएक वर्षांपूर्वीची आहे.

आपल्याला तर पाण्याची गोष्ट सांगायलाच नको. तानसा धरण 1892 साली झालं, आपल्याच शहापुरात. भातसाही आपल्याकडेच. मुंबईचे नळ आपल्या तालुक्याच्या पाण्यावर चालतात, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हांड्यांची रांग लागते. धरण आपल्या हातात नाही. पण झऱ्यावरची राई आपल्या हातात आहे. म्हणून ती जाते तेव्हा मला जास्त वाईट वाटतं.

आणि राई जाते कशी? बाहेरचा चोर येतो आणि झाडं नेतो, असं दर वेळी होत नाही. पुष्कळदा ती भक्तीनंच जाते. गावातली पोरं कामाला लागतात, चार पैसे येतात, वाटतं देवासाठी काहीतरी करावं. देव उघड्यावर आहे, त्याला मंदिर बांधू. मंदिर म्हटलं की स्लॅब आला, स्लॅबसाठी जागा मोकळी करणं आलं, ट्रक यायला रस्ता आला. पुढे सभामंडप, फरशी, पत्र्याची शेड. चार वर्षांत राईचं अंगण होतं. जत्रेला डीजे लागतो आणि दुसऱ्या दिवशी थर्माकोलच्या ताटल्या झऱ्यात तरंगतात. मनात खोट कोणाच्याच नसते. पण ज्या देवाचं घरच रान होतं, त्याला आपण रानातून काढून खोलीत बसवतो.

मुरबाडच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर असंच ठरलं होतं. देवळाचा नकाशा तयार, वर्गणी जमलेली. आमच्या गटाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा बायका गप्प. एक जण हळूच म्हणाली, देवाच्या कामात बायकांनी बोलायचं नसतं. तेव्हा कोपऱ्यात बसलेली सत्तरीची आजी म्हणाली, "देवाला छप्पर पायजे, असं देवानं कोणाच्या सपनात येऊन सांगितलं? आमाला पानी पायजे, ते आमी रोज सांगतो." सगळ्या हसल्या. पण मग बोलायला लागल्या. महिला सभेत त्यांनी मागणी केली की देऊळ बांधा, पण राईच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. भांडण झालं. बायकांना अक्कल शिकवायला कोणी सांगितलं, इथपर्यंत बोलणं गेलं. शेवटी मंडप बाहेर सरकला. तोवर दोन जुनी झाडं पडली होती, ती काही परत आली नाहीत. पण बाकीची उभी आहेत.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलते, रागावू नका. कितीतरी ठिकाणी राईच्या आत बाईला जाऊ देत नाहीत. पाळीच्या दिवसांत तर नाहीच. पूजा भगत करणार, निर्णय पुरुष घेणार. आणि तिथलं पाणी कोण भरतं? आपण. रानभाजी कोण ओळखतं? आपण. शेवळं कुठं उगवतात आणि काकडाशिवाय शिजवली तर घसा कसा खाजतो, हे कोणाला माहीत असतं? आपल्याला. रान उजाड झालं तर दोन मैल लांब कोण जाणार? आपणच. मग राखणीच्या गोष्टीत आपलं तोंड बंद का? गाभाऱ्यात कोणी जायचं, हा वाद ज्या त्या गावानं आपल्या गतीनं सोडवावा. पण ग्रामसभेत बसायला आपल्याला कोणाचीही बंदी नाही. उलट कायद्यानं आपल्याला तिथं बोलावलं आहे.

तो कायदा समजून घ्या. 2006 साली वनहक्क कायदा झाला. त्यात फक्त दळी-प्लॉटचा वैयक्तिक दावा नाही. गाव ज्या रानावर पिढ्यानपिढ्या जगतं, ते रान राखायचा, वाढवायचा आणि त्याचा कारभार करायचा सामूहिक हक्कही त्यात आहे. त्याची वनहक्क समिती 10 ते 15 जणांची असते आणि तिच्यात किमान एक तृतीयांश बायका लागतात. दाव्यावर ठराव करायचा तर ग्रामसभेला निम्मी माणसं हजर हवीत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. आपण घरी बसलो तर सभाच पुरी होत नाही.

आणि आता ऐका, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. दाव्याला पुरावा काय लावायचा? नियमांमध्ये पुराव्यांची यादी दिली आहे. त्यात गुरं चारायच्या जागा आहेत, कंदमुळं आणि रानभाज्या गोळा करायच्या जागा आहेत, पाण्याच्या जागा आहेत. आणि पवित्र झाडं, देवराया, तळी, स्मशानभूमीसुद्धा आहेत. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिगतही पुरावा म्हणून चालते. म्हणजे आजी जी गोष्ट सांगत होती, की माझ्या सासूच्या सासूपासून आम्ही या उंबराखाली कवळी ठेवतो, ती गोष्ट नुसती गोष्ट नाही. तो कागद आहे. फक्त आजी आहे तोवर तो लिहून घ्यायला हवा.

श्रद्धेला कायद्यात वजन असतं, हे देशानं पाहिलं आहे. ओडिशात नियमगिरी नावाचा डोंगर आहे. डोंगरिया कोंध आदिवासी त्याला आपला राजा मानतात, देव मानतात. तिथं बॉक्साइटची खाण होणार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 18 एप्रिल 2013 रोजी न्यायालयानं सांगितलं की या लोकांच्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये 12 गावांच्या ग्रामसभा झाल्या. 12 च्या 12 ग्रामसभांनी खाण नको म्हणून ठराव केला. त्यांचा देव डोंगरावर होता म्हणून ते बोलू शकले, आणि ग्रामसभेत बोलले म्हणून त्यांचा डोंगर राहिला. नुसती श्रद्धा असती आणि सभा झाली नसती तर?

आपल्याकडेही तेच आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं पेसा कायदा लागू आहे, पाड्याची वेगळी ग्रामसभासुद्धा करता येते. रस्ते येतायत, प्लॉट पडतायत, फार्महाऊसची कुंपणं दर वर्षी वर वर सरकतायत. कुंपण घालणाऱ्याला तुमचा शेंदराचा दगड दिसत नाही. त्याला कागद दिसतो. देवाची जागा नुसती देवाच्या भरवशावर सोडायचे दिवस आता राहिले नाहीत.

मग आपण काय करायचं? आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब. तशीच रानाचीही पंचसूत्री करू.

पहिली, बैठक. महिन्याची एक बैठक राईच्या कडेला घ्या. जिथं आत जायला मनाई असेल तिथं बाहेर बसा. महिन्यातून एकदा दहा बायका तिथं बसल्या की कोणतं झाड तुटलं, कुठं खुणेचा दगड सरकला, हे लगेच कळतं.

दुसरी, सफाई. संत गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्यासाठी झाडणं हीसुद्धा भक्तीच होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आपण प्लास्टिक उचलू. पण पाचोळा झाडू नका हं! पाचोळा कचरा नाही, तो रानाची गोधडी आहे. आणि जत्रेच्या जेवणाला पळसाच्या पत्रावळी आपल्याच गटानं पुरवल्या तर चार पैसेही मिळतील.

तिसरी, वणवा. मोह वेचताना खालचा पाला जाळायची सवय असते. त्याऐवजी झाडाखालचं झाडून घ्या, नाहीतर जुनी साडी अंथरा. शिमग्याच्या आधी राईभोवती पाला ओढून तीन-चार हात रुंद जाळपट्टा मोकळा करा. एका दिवसाचं काम आहे. कुठल्याही अभिषेकापेक्षा ते देवाला जास्त पोचेल, असं मला वाटतं.

चौथी, सरपण. इथं उपदेश करून भागत नाही. ज्या बाईकडे सिलेंडर भरायला पैसे नाहीत, तिला काटकी उचलू नको म्हणणं सोपं आहे, पण तिची चूल कशानं पेटणार? राई राखायचा भार एकट्या गरीब बाईवर टाकला तर तो धर्म नव्हे. म्हणून गटानं दोन गोष्टी कराव्यात. सिलेंडरसाठी छोटं अंतर्गत कर्ज सुरू ठेवावं. आणि शेताच्या बांधावर गिरिपुष्प, शेवरी अशी लवकर वाढणारी झाडं लावावीत. दोन-तीन वर्षांत मोळी घराजवळ मिळते. राबासाठीही राईची फांदी तोडायची गरज उरत नाही.

पाचवी, नोंद. ही विसरायची नाही. तलाठ्याकडे जाऊन राई कुठल्या गटात आहे, सातबारा कोणाच्या नावावर आहे, वनखात्याची आहे की गायरान आहे, ते बघा. वनजमीन असेल तर सामूहिक वनहक्काच्या दाव्यात ती घाला. आधीच हक्क मिळाला असेल तर राई नकाशात आली आहे का, ते तपासा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत तिथली झाडं, झरे, रानभाज्या लिहून घ्या. आणि आज्यांच्या हकिगती गटाच्या शिकलेल्या मुलींकडून तारखेसकट लिहून घ्या.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हे ग्रामपंचायत विसरली असेल तर आठवण करून द्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांना आपल्याकडे ग्रामसभा होतात. जी तारीख पुढे येईल तिच्या आधी हा विषय महिला सभेत घ्या.

काही ताया म्हणतील, आमच्या घरी वाघोबा नाही, आमच्या घरी बुद्धवंदना होते. ताई, भगवंतांना बोधी मिळाली तीही पिंपळाखालीच. कोणाचा देव दगडात असेल, कोणाचा दर्ग्याच्या चिंचेखाली, कोणी देव मानतच नसेल. झऱ्याचं पाणी हे विचारत नाही. राखणीच्या कामात सगळ्यांना जागा आहे.

आपली आजी म्हणायची, देवाच्या रानाला हात लावू नका. तिच्या काळात हात न लावणं पुरत होतं. आता हात न लावून चालणार नाही, आता हात लावावा लागेल. जाळपट्टा ओढायला, प्लास्टिक उचलायला आणि ठरावावर सही करायला. नियम आजीचाच आहे, काम आपल्या वाटचं आहे.

येत्या बैठकीत आपल्या गटाच्या वहीत पहिल्या पानावर एवढंच लिहा: आमच्या गावात देवाच्या जागा किती, त्या कुठं आहेत आणि त्यांची नोंद कुठं आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोरं राहिलं तर मला कळवा. पुढच्या वेळी तो कागद कसा भरायचा, त्यावरच बोलू.

चला, भाकरी करपायच्या आत थांबते. नमस्कार.